नमुना पास

मधुसूदनरावांनी चिमट्याने पातेल्यातला प्लायचा तुकडा उचलला, पाणी निथळू दिलं आणि तो खिडकीच्या उजेडात धरला. आठ तास उकळूनही तुकडा जसाच्या तसा होता. कड फुगली नव्हती, एकही थर सुटला नव्हता. त्यांनी नखाने कोपरा उचकटून पाहिला, तर कोपरा ढिम्म हलला नाही. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. मधुसूदनरावांच्या कपाळाला आठी पडली.

"झालं का पास?" इंदुताईंनी पोळी लाटता लाटता विचारलं.

"बघतो."

"सकाळपासून बघताय. एक शेगडी दिवसभर तुमच्या लाकडाला लागून राहिलीये. वरण कशावर शिजवू?"

दिवाळी झाल्यावर वाळवी लागलेली जुनी कपाटं काढली, तेव्हा महिनाभरात नवी बसवायची असं ठरलं होतं. आता चैत्र संपत आला होता. पहिल्या सुताराने पार्टिकल बोर्ड सुचवलं; भुशाची कपाटं नकोत म्हणून मधुसूदनरावांनी त्याला जिन्यातूनच परत धाडलं. दुसऱ्याने आणलेला एमडीएफचा तुकडा पाण्यात चार तासांत शिऱ्यासारखा फुगला. पीव्हीसी त्यांना खेळण्यातलं वाटलं आणि स्टीलची कपाटं इस्पितळातली. तोवर घरातली भांडी खोक्यांत, खोकी पलंगाखाली, आणि स्वयंपाक खोलीमागच्या अरुंद बोळात, एका बुटक्या घडवंचीवर गॅस ठेवून चालला होता.

तिसरा सुतार सूर्याजी. त्याने इंदरगंजाच्या बाजारातून प्लायचा नमुना आणला आणि तो उकळणार म्हटल्यावर कपाळाला हात लावला होता.

"काकासाहेब, हे ओल सोसणारं प्लाय आहे, उकळायचं नाही. आणि किचनमधे कपाटं कोण उकळतं, तुम्हीच सांगा!"

पण मधुसूदनरावांनी सरकारी प्रयोगशाळेत चौतीस वर्षं दूध, तेल, हळद आणि तिखट तपासलं होतं. दौलतगंजातला प्रत्येक दुकानदार त्यांना वचकून असे. समोरचा माणूस प्रामाणिक निघाला की त्यांना आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. नमुन्याचे दोन भाग करायचे, एक तपासायचा आणि दुसरा सील करून ठेवायचा, ही नोकरीतली शिस्त निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. सूर्याजीच्या प्लायच्याही दोन्ही तुकड्यांवर त्यांनी निळ्या पेनाने आकडा घातला होता, आणि एक तुकडा कागदात बांधून, वर लाख लावून लोखंडी कपाटात ठेवला होता.

तो त्यांनी आता बाहेर काढला. लाख फोडली. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी धरून चष्मा कपाळावर सरकवला आणि थर मोजले. कपाटातल्या तुकड्याला अकरा थर होते. पातेल्यातल्याला तेरा.

त्यांनी पुन्हा मोजले. अकरा आणि तेरा. आकडा पाण्यात धुऊन गेला असेल, पण थर कसे वाढतील?

म्हणजे तुकडा बदलला होता. दुपारी जेवणानंतर आपण अर्धा तास आडवे झालो, तेवढ्यात. आणि त्याच वेळी सूर्याजी ओट्याचं माप घ्यायला येऊन गेला होता. मधुसूदनरावांच्या अंगात एकदम तरतरी आली. निवृत्तीनंतरच्या दहा वर्षांत कोणी सापडलं नव्हतं.

पाचच्या सुमारास सूर्याजी निकाल ऐकायला आलाच. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पण नजर हटवली नाही.

"दुपारी आला होतास म्हणे?"

"हो ना. माप घेऊन गेलो. तुम्ही आराम करत होता, म्हणून उठवलं नाही."

"पातेल्यापाशी गेला होतास?"

"पातेल्यापाशी?" सूर्याजी गोंधळला. "तिथे काकू होत्या ना. मला पातेल्याचं काय करायचंय?"

"गेला होतास की नाही, एवढं सांग."

"नाही गेलो, काकासाहेब." त्याचा आवाज जरा चढला. "मी पहिलेच बोललो होतो, सोमवारी मला झाशीला निघायचंय. उद्या काम लागलं तर रविवारपर्यंत तुमचं उभं करून देतो. नाहीतर सीधे तीन महिन्यांनी. तुम्ही बघून घ्या. जबरदस्ती नाही आपली."

किती सराईतपणे उखडतो, असं मधुसूदनरावांच्या मनात आलं. पण पुराव्याशिवाय बोट दाखवायचं नाही, हीही त्यांची शिस्तच. मूळ तुकडा घरातच कुठेतरी टाकलेला असणार. इंदुताई सूर्याजीला चहा देऊन आल्या, तोवर ते मागच्या बोळात पोचले होते. कचऱ्याचा डबा पाहिला. बादलीत हात घालून पाहिला. खिडकीबाहेर वाकून शेजारच्यांचा पत्रा पाहिला.

"काय शोधताय?"

"काही नाही."

"मी देते ना शोधून. तुम्ही बाहेर बसा बरं."

ही आज इतकी का मदतीला धावते, असं त्यांना वाटलं. ते भिंतीला हात टेकत खाली बसले आणि गुडघे कुरकुरत असताना घडवंचीखाली डोकावले. पाठीमागे इंदुताईंनी उचललेलं लाटणं तसंच हातात राहिलं.

घडवंचीचा एक पाय आखूड होता. डुगडुगू नये म्हणून त्याखाली एक तुकडा सरकवलेला होता. मधुसूदनरावांनी तो ओढून काढला. निळ्या पेनातला पुसट आकडा त्यांचा, अक्षर त्यांचं. तुकड्याचे थर चिरोट्याच्या पदरांसारखे सुटले होते.

सूर्याजीने लपवला असता, तर इथे लपवला नसता. हा पाय आखूड आहे, हे त्याला कुठून कळणार? मधुसूदनरावांनाही ते आज, या घटकेला कळत होतं. मग त्यांना आठवलं की काल इंदू पिशवी घेऊन दाना ओली मोहल्ल्यात बहिणीकडे, मंदाताईंकडे गेली होती, आणि मंदाताईंचं नवं स्वयंपाकघर मागच्याच महिन्यात झालं होतं; चांगल्या प्लायचे तुकडे तिथे उरले असणार.

आधी राग आला, कानशिलं गरम करणारा. तो तोंडावर येणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण घामाने चिंब झालोय. खाली बसल्यावर पंख्याचा वारा इथे पोचतच नव्हता. गॅसची धग थेट तोंडावर येत होती. समोर भिंतीलगत इंदूचा पाट होता, त्यावर दुमडलेली जुनी उशी, आणि शेजारी भिंतीवर, उठताना हात टेकून टेकून पडलेला तेलकट डाग. पाच महिने त्यांना ताट हातात मिळत होतं. ते इथे एकदाही येऊन बसले नव्हते. त्यांना मनापासून लाज वाटली.

"काकासाहेब," बाहेरून सूर्याजीची हाक आली, "मग काय ठरलं?"

मधुसूदनरावांनी इंदुताईंकडे पाहिलं. त्या परातीकडे पाहत होत्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मधुसूदनरावांनी तो तुकडा पुन्हा आखूड पायाखाली सरकवला, घडवंची हलवून बघितली, आणि भिंतीवरच्या त्याच डागावर हात टेकून उठले.

बाहेर येऊन ते म्हणाले, "पास आहे. उद्यापासून काम लाव."

चौतीस वर्षांत त्यांनी खोटा निकाल कधी दिला नव्हता. सूर्याजीला त्याचा पत्ता नव्हता. तो खूश होऊन कप खाली ठेवत होता.

"मी बोललो नव्हतो? चोखा माल आहे!"

"सिंकखालचं कपाट तेवढं मरीन प्लायचं कर, उकळलं तरी न सुटणाऱ्या."

"अहो, पास झालंय ना पण?"

"पास झालंय. तरी कर."

सूर्याजी जिना उतरून गेला. मधुसूदनराव खुर्ची उचलून बोळात घेऊन आले आणि तिथेच बसले. इंदुताई पोळ्या लाटत राहिल्या. मधुसूदनरावांच्या डोक्यात मात्र एक जुनीच गोष्ट घोळायला लागली होती. शहरातल्या गवळ्यांना त्यांनी नोकरीत घाम फोडला होता. घरीही ते रोज सकाळी दुधात पाणी पकडणारा लॅक्टोमीटर सोडून बघत, आणि आपला दूधवाला मात्र सच्चा आहे, असं कचेरीत अभिमानाने सांगत. ते दूध आत नेऊन, भांड्यात ओतून त्यांच्यापुढे आणून ठेवायचं काम इंदुताईंचं असे; भांड्यात नेमकं कोणाचं दूध आलंय, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"इंदू."

"हं?"

"आपला तो दूधवाला. सव्वीस वर्षांत एकदाही त्याच्या दुधात पाणी निघालं नाही."

इंदुताईंनी पोळी उलटली, कडेने फडक्याने दाबली, ती फुगेपर्यंत थांबल्या.

"चार मुली होत्या हो त्याला," त्या म्हणाल्या.