भिंतीत शिरणारं दार

सुतार "उद्या नक्की" म्हणत राहिला आणि त्याचा उद्या काही उजाडेना, तेव्हा तिने दार स्वतःच बसवायचं ठरवलं.

दार वन्संच्या खोलीचं होतं. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची मोठी बहीण. जन्मभर शाळेत खेळाच्या बाई होत्या. गळ्यात एक शिट्टी आणि आवाजात दुसरी. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिल्या. जिन्यावरून पडून कंबरेचं हाड मोडलं आणि त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या. पुढच्याच वर्षी भाऊ गेला. घरात उरल्या नणंद आणि भावजय. ज्याच्यामुळे नातं होतं, तोच मधून उठून गेलेला.

खोलीचं जुनं दार आत उघडायचं आणि पलंगाला जाऊन टेकायचं. खुर्ची निम्मी बाहेर यायची आणि अडायची. मग वन्संनी मागे सरकायचं, हिने एक चाक उचलायचं, खुर्ची तिरकी करायची, आणि वन्संच्या बोटांची सालटी निघायची. रोज सकाळी हेच.

"मला या खोलीत पेटीत ठेवल्यासारखं झालंय," वन्सं म्हणायच्या. "फक्त झाकण लावायचं राहिलंय."

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. काच फ्रेमच्या मापाची होईपर्यंत फिरत्या दगडावर धरायची, हे तिचं वीस-बावीस वर्षांचं काम. वन्सं तिला हाक मारायच्या तीही "चष्मेवाली" अशीच. लाकूडकामातलं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानदाराने तिला भिंतीत शिरणाऱ्या दाराचा संच दाखवला : वर लावायचा ॲल्युमिनियमचा रूळ, त्यात धावणारी चाकं, दार टोकाला थांबवायच्या दोन अडण्या, आणि दार खाली डुगडुगू नये म्हणून जमिनीवर बसवायची छोटी खाच.

"भिंत फोडावी लागेल?" तिने विचारलं.

"छे. भिंतीला समांतर प्लायची दुसरी भिंत उभी करायची. मधल्या पोकळीत दार जातं. फक्त त्या प्लायला स्क्रू आखूड घ्या, बाई. लांब घेतलेत तर पोकळीत घुसतील."

आखूड स्क्रू तिने मोजून घेतले. घरात नवऱ्याची हातोडी, करवत, पेचकस आणि हाताने फिरवायचं गिरमिट होतंच. पाणसळ तेवढी नवी आणली, कारण रूळ जरा जरी कलला तर दार आपोआप उघडेल नाहीतर आपोआप मिटेल, असं दुकानदार म्हणाला होता.

सुट्टीचे दिवस त्यात गेले. जुनं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, तेव्हा ते अंगावर घेऊन ती पलंगावर पडली आणि वन्संना हसू आवरेना. रूळ वर ठोकताना पाणसळीतला बुडबुडा मध्ये राहीना. इकडे दाबला की तिकडे पळायचा.

"डावीकडून वर घे," वन्सं खुर्चीतून सांगत. "डावीकडून! तुझं डावं कुठलं ते एकदा ठरव."

"तुमच्या शाळेतली पोरं तुम्हाला घाबरायची ना?"

"घाबरायची. म्हणून तर सरळ रेषेत उभी राहायची."

शनिवारी दुपारी दार टांगून झालं. तिने एका बोटाने ढकललं आणि ते आवाज न करता पोकळीत शिरलं. चौकट अख्खी मोकळी. वन्सं खुर्ची घेऊन बाहेर गेल्या, आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या. तिसऱ्यांदा आत आल्या तेव्हा त्यांचं नाक लाल झालं होतं.

"आता बंद करून दाखव," त्या म्हणाल्या. "कपडे बदलताना बंद झालं पाहिजे."

तिने दार ओढून बंद केलं. आता एकच काम राहिलं होतं : प्लायच्या भिंतीवर, चौकटीपासून वीतभर अंतरावर, धरून उठायला एक आडवा दांडा लावायचा. दांडा, पेचकस, गिरमिट सगळं खोलीतच होतं. दार बंद होतं तसंच राहू देऊन ती कामाला लागली. तिने आखूड स्क्रू काढले तशा वन्सं म्हणाल्या, "एवढे? ह्यावर माझं सगळं वजन टाकायचंय मला. त्याच्या डब्यात चांगले लांब असतील बघ."

"दुकानदार आखूडच म्हणाला होता."

"दुकानदाराला उठायचंय की मला?"

तिने वाद घातला नाही. वन्संशी वाद घालून जिंकलेलं माणूस त्या घराने पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या डब्यातले बोटाएवढे स्क्रू तिने पिळून पिळून आत घातले. पहिला शेवटाला एकदम हलका झाला, जसा काही पलीकडे कोणी नाहीच. तिला ते जाणवलं. पण हात भरून आले होते आणि गॅसवर दूध मंद आचेवर ठेवलेलं होतं. ते बघायला जायचं म्हणून तिने दार ढकललं.

दार पंजाभर सरकलं आणि टक् करून थांबलं.

पुन्हा ढकललं. टक्. मागे घेऊन जोरात ढकललं. टक्.

"काय झालं?"

"अडतंय कुठेतरी."

"मग जोर लाव!"

तिने फटीत दोन्ही हात घातले, पाय भिंतीला लावला आणि दार वर उचलून हिसडा दिला. वर काहीतरी तडकल्यासारखं वाजलं. पुढचं चाक दाराच्या माथ्यावरच्या पट्टीतून निसटलं आणि दार त्या बाजूने खाली बसलं. त्याची कड जमिनीत रुतली. आता ते ना पुढे जाईना, ना मागे. फटीतून समोरची बोळकंडी दिसत होती, तिच्या चपला दिसत होत्या, पण फटीतून खांदासुद्धा जाईना.

तिचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर होता, वन्संचा बाहेर चार्जिंगला. खिडकीला गज, आणि खाली इमारतींच्या मधली अरुंद घळ, जिथे पाण्याचे पाइप आणि पडलेले कपड्यांचे चिमटे सोडून काही नसतं. तिने गजांना धरून हाका मारल्या. वन्संनी तर मैदानावर मारायच्या तशी आरोळी ठोकली. घळीतून त्यांचाच आवाज परत आला. कोणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता. तो तेवढा आणखी मोठा झाला.

मग दुधाचा वास आला. आधी उतू गेल्याचा, मग करपल्याचा.

ती फटीला तोंड लावून उभी राहिली, जणू तिथून श्वास घेतला तरच पुरेल. त्या खोलीत वन्सं दिवसभर असतात. ती मात्र तिथे चादर बदलण्यापुरती यायची. पलंग, कपाट, खुर्ची, आणि चारही बाजूंनी भिंती. तिला वाटलं, आपण नोकरीला जातो, बाजारात जातो, पण खरं तर आपणही इथेच असतो.

"बस खाली," वन्सं म्हणाल्या. "तुझा चेहरा पांढरा पडलाय."

"गॅस चालू आहे!"

"माहीत आहे. घाबरून तो बंद होणार नाही. बस."

ती पलंगाच्या कडेवर बसली. वन्सं सरळ म्हणाल्या, "त्या माणसाला सोमवारी काय सांगणार आहेस?"

"कोणत्या माणसाला?"

"तुझ्या मालकाला. समुद्राकाठच्या गावी नवं दुकान काढतोय, ते तू सांभाळ म्हणतोय, राहायला वर खोली देतोय. मी पांगळी आहे, बहिरी नाही. तू स्वयंपाकघरात नळ सोडून फोनवर बोलतेस, पण नळापेक्षा तुझा आवाज मोठा आहे."

तिची कानशिलं तापली. "नाही म्हणून सांगणार आहे. तुम्हाला टाकून कुठे जाऊ?"

"हं. वाटलंच."

"वाटलंच म्हणजे?"

"म्हणजे माझं निमित्त करू नकोस." वन्संचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी कधी म्हटलं, थांब म्हणून? तू थांबतेस, दात-ओठ खात माझी खुर्ची उचलतेस, आणि वर मी उपकारात राहायचं. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झालीय माझी."

"मी दात-ओठ खाते?"

"खातेस. चाक उचलताना. मला वरून दिसतं."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ती भडकली. "आणि तुम्ही? भाजीत मीठ कमी, चादर वाकडी, दार डावीकडून वर! हे गेल्यापासून एक दिवस मला माझ्यासारखं श्वास घेऊ दिलाय का तुम्ही? मी या घरात सून म्हणून आले होते, आता कोण आहे मी? ना बायको, ना सून. तुमच्या खुर्चीचं पाचवं चाक!"

बोलून झाल्यावर खोलीत करपल्या दुधाचा वास तेवढा राहिला.

"मग जा की," वन्सं हळूच म्हणाल्या. "एवढं असेल तर जातेस का नाही?"

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत लाकडाचा भुसा होता.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "बापाच्या घरातून उठले ती इथे आले. मी एकटी कधी झोपलेच नाही हो, वन्सं. एका घरात, एकटी, कधीच नाही."

वन्संनी खुर्ची दाराशी नेली आणि पापण्या आवळून ते दार न्याहाळायला लागल्या, एखादं पोर शर्यतीत का मागे पडतंय ते बघावं तसं.

"रुतायच्या आधी, टक् व्हायचं तेव्हा हात कुठे बसत होता तुझा? वर की खाली?"

"मध्ये. कंबरेएवढ्या उंचीवर."

"कंबरेएवढ्या उंचीवर काय आहे?"

दोघींची नजर एकदमच दांड्यावर गेली.

"लांब स्क्रू," ती म्हणाली.

"लांब स्क्रू," वन्सं म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "बरं. माझंच डोकं. कबूल."

तिने पेचकस घेतला. घामाने मूठ सटकत होती, पण स्क्रू फिरले. दांडा हातात आला. दार मात्र रुतलेलंच होतं. ते उचलल्याशिवाय चाक पट्टीत बसणार नव्हतं आणि पट्टी बसवायला दोन्ही हात वर हवे होते. शेवटी दाराच्या कामातून उरलेली जाड फळी फटीतून दाराखाली सरकवली, हातोडी आडवी ठेवून तिच्यावर फळी टेकवली, आणि वर राहिलेलं टोक वन्संच्या हाती दिलं. ती स्टुलावर चढली.

"मी म्हणाले की दाबा."

"आता तू शिट्टी वाजवणार होय?"

"दाबा!"

खुर्ची ढकलून ढकलून वन्संचे दंड एखाद्या हमालासारखे झाले होते. त्यांनी सगळं अंग फळीवर टाकलं. दार कण्हत वर आलं. पहिल्यांदा पट्टी हुकली, दार धाडकन खाली आलं आणि तिचं बोट चेंगरता चेंगरता वाचलं. दुसऱ्यांदाही हुकली. तिसऱ्यांदा वन्सं कोणाला तरी उद्देशून काहीतरी असं बोलल्या जे शाळेत कधी बोलल्या नसतील, आणि पट्टी खट् करून बसली.

दार भिंतीत गेलं. ती धावत स्वयंपाकघरात गेली. दुधाने आच विझवली नव्हती, एवढंच नशीब. पातेलं मात्र कोळसा झालं होतं. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि ओट्याला टेकून रडली. वन्सं मागून आल्या, कुठेही न अडता, आणि त्यांनी पातेलं पाण्यात घातलं.

सोमवारी ती मालकाला हो म्हणाली नाही. थोडे दिवस द्या, म्हणाली. त्याला थांबायला वेळ नव्हता. दुकान दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं. ते कळलं तेव्हा तिला आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याची शरम वाटली. घरी सांगितलं तर वन्सं तिच्याशी बोलेनाशा झाल्या. जेवण सरकवलं की जेवत, मीठ कमी असलं तरी चकार शब्द नाही. त्यापेक्षा बोलणी परवडली असती.

मग एका सकाळी त्यांनीच जाहीर केलं. त्यांच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई तळमजल्यावर एकट्या राहत होत्या. घरात पायऱ्या नाहीत, पुढे अंगण. वन्सं तिथे जाणार होत्या. मदतीला एक बाई ठेवली होती.

"तिला मी मन भरून बोलू शकेन," त्या म्हणाल्या. "तिला सुट्टी असते. तुला नव्हती."

"माझ्यावर रागावून जाताय?"

"थोडी रागावून. पण मुख्य म्हणजे मला जायचंय गं. तुझ्याआधी मलाच कंटाळा आला होता."

सामान एका टेम्पोत मावलं. जाताना वन्संनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला तो वर केला, पण खुर्चीतून पोचेना. मग तिचा कान धरून तिला खाली ओढलं आणि मग ठेवला.

त्या संध्याकाळी ती ओट्यापाशी उभ्यानेच जेवली. घरात फ्रिजचा आवाज एवढा मोठा असतो हे तिला माहीत नव्हतं. तिने वन्संना फोन लावला.

"जेवलात का?"

"जेवले. ठेव आता, आम्ही पत्ते खेळतोय. ही बया फसवते."

फोन बंद झाला. ती तो हातात धरून खुर्चीवर बसून राहिली. झोपायची वेळ अजून लांब होती, पण ती येणार होती. थोड्या वेळाने ती उठली, चपला घातल्या आणि खाली उतरली. आणायचं काही नव्हतं, कुठे जाते ते सांगायला कोणी नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेली, जरा थांबली, आणि मग परत न वळता पुढच्या रस्त्याला लागली.