बिनबाकाची विद्यार्थिनी

हेडसरांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण आवाज काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. बायको म्हणायची, "घरात दोनच माणसं आहोत, प्रार्थनेच्या रांगेशी बोलल्यासारखं बोलू नका." अशा माणसाला शिक्षण खात्याने काम दिलं तेही नेमकं असलं. शाळेत न जाता, जिथे पोट भरतात तिथेच शिकून दहावीला बसणाऱ्यांची एक योजना होती, ती त्यांनी तपासायची. चाळीस विद्यार्थी, चाळीस फॉर्म आणि शेवटी एक अहवाल. त्यावरून योजना चालू ठेवायची की गुंडाळायची, ते वर ठरणार.

हेडसरांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. बाक नाही, फळा नाही, घंटा नाही, कान धरायला पोरं हाताशी नाहीत, याला काय शिक्षण म्हणायचं? पण माणूस कामाचा चोख. गॅरेज, बेकरी, रोपवाटिका असं फिरत सोळा फॉर्म त्यांनी डोळ्यांत तेल घालून भरले.

सतरावा फॉर्म लाँड्रीतला होता. रुग्णालयांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. विद्यार्थिनी एकोणतीस वर्षांची, पदरात एक मुलगी, राहायला भावाकडे. सोबतच्या बायका तिला 'मास्तरीण' म्हणायच्या, निम्मं कौतुकाने, निम्मं टोचायला. योजनेचं काम बघणारी ताई सरांना दारापर्यंत सोडायला आली आणि तिथेच थांबली.

"सर, मालकांकडून फक्त हजेरीची सही घ्या. अभ्यासाचा विषय काढू नका. तिने घरी अभ्यास करते असं सांगितलंय त्यांना. अकरा दिवसांवर परीक्षा आलीय. पास झाली तर रुग्णालयात मदतनिसाच्या प्रशिक्षणाला घेतील तिला. तिथे वयाची अट तीस. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही."

"मला शिकवू नका," हेडसर म्हणाले. "चौतीस वर्षं पालकसभा घेतल्यात मी."

आत चार अजस्र ड्रम गरगरत होते. हवा इतकी गरम की सरांचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. शेवटच्या ड्रममागे मास्तरीण उलट्या टबवर बसली होती आणि साबणाच्या पिंपाच्या झाकणावर तिची वही उघडी होती. सरांना पाहून ती ताडकन उठली.

सरांनी एक समीकरण घातलं. तिने सोडवलं. दुसरं घातलं, मुद्दाम वाकडं. तिने पेन्सिल चावत दोन मिनिटं घेतली आणि तेही सोडवलं. मग त्यांनी समद्विभुज त्रिकोण काढला. दोन बाजू सारख्या असल्या तर त्यांच्या समोरचे कोन सारखे कशावरून? मास्तरणीने शेजारच्या ढिगातला एक रुमाल ओढला, कोपऱ्याला कोपरा जुळवून त्रिकोण केला आणि मधोमध घडी घातली.

"कोनावर कोन बसला, सर. पण हे नुसतं दाखवणं झालं, सिद्ध करणं नाही. सिद्ध करून देऊ?"

हेडसर बघतच राहिले. चौतीस वर्षांत हा फरक त्यांना कुणी विद्यार्थ्याने सांगितला नव्हता. खरं बोलायचं तर त्यांनीही तो कुणाला नीट सांगितला नव्हता. त्यांचा ऊर भरून आला, आणि इथेच सगळं बिघडलं.

"पोरी, वेळ कुठून काढतेस?"

"ड्रम फिरतो तेव्हा. एक ड्रम चाळीस मिनिटं, दिवसाला चार. तेवढ्यात माझ्या वाटच्या घड्या या बायका घालतात. मी त्यांचे अर्ज लिहून देते, जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या पोरांच्या वह्या तपासते. घरी नाही जमत, सर. एका खोलीत सहा जण."

मालकाने वरच्या केबिनमध्ये चहा मागवला, हजेरीच्या कागदावर सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला. काम संपलं होतं. हेडसरांनी कागद पिशवीत घालून निघायचं, एवढंच उरलं होतं. पण हुशार विद्यार्थी सापडला की त्याच्या बापाला समोर बसवून कौतुक करायचं, ही त्यांची जन्माची खोड, आणि समोर टेबलापलीकडे बसलेला माणूस त्यांना बापासारखाच दिसला.

"अभिमान वाटायला हवा तुम्हाला," ते उभे राहून म्हणाले. "तुमच्या इथे, तुमच्या मशिनींच्या मागे बसून या मुलीने अख्खं बीजगणित संपवलंय. माझ्या शाळेतल्या पोरांना जमलं नसतं!"

मालकाने कप खाली ठेवला. "इथे बसून? कधी?"

"रोज! चार ड्रम, चाळीस मिनिटं प्रत्येकी."

"म्हणजे दोनेक तास."

"दोन तास चाळीस मिनिटं," हेडसर म्हणाले. चुकलेलं गणित त्यांना सहन होत नसे.

मालक आवाज न चढवता उठला आणि सरांना घेऊनच खाली आला. "हिच्या घड्या कोण घालतं?" त्याने विचारलं. सगळ्या बायका माना खाली घालून घड्या घालत राहिल्या. मग जिच्या मुलाच्या वह्या मास्तरीण रोज तपासायची, तीच बोलली. "आम्हाला काय ठाऊक, साहेब? ती मागे बसते, आम्ही पुढे." कुणीतरी खुदकन हसलं.

मास्तरणीने त्या बाईकडे पाहिलं, मग हेडसरांकडे. "कुणी नाही घालत," ती म्हणाली. "मीच चोरून बसत होते."

"आत्तापासून उजळमाथ्याने घरी बस."

"अहो, मी कौतुक करत होतो हिचं!" हेडसर कळवळले.

"मी कुठे नाही म्हणतो? हुशार आहे. तेच नकोय मला इथे," मालक म्हणाला आणि जिना चढून गेला.

तिसऱ्या दिवशी ती शिक्षण खात्याच्या कचेरीत आली. योजनेचा नियम साधा होता. काम करत शिकणाऱ्यांसाठी योजना, काम सुटलं की हॉलतिकीट रद्द. दोन दिवस ती दारोदार फिरली होती, पण आठवड्यापुरतं कुणी उभं करेना. आता सगळं हेडसरांच्या फॉर्मवर होतं. त्यात 'भेटीच्या वेळी कामावर' असं लिहिलं तर हॉलतिकीट निघणार होतं.

"सर, तुम्ही अकरा वाजता आलात. अकरा वाजता मी कामावर होते. तेवढंच लिहा."

"भेट पूर्ण होते हजेरीच्या कागदावर माझी सही झाल्यावर. सही मी बाहेर येऊन केली. तेव्हा तू कामावर नव्हतीस."

"पण सर, ते तुमच्या..." ती थांबली. समोर मोठं माणूस होतं, पुढचं तिला बोलवेना. "मुलीला सांगून बसलेय मी, की पांढरा ड्रेस घालून कामाला जाईन."

चूक आपली, हे हेडसरांना लख्ख कळत होतं. "आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही मी," ते म्हणाले. "माझ्याकडून करवून घेऊ नकोस."

तिने मान खाली घातली. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, 'शैक्षणिक प्रगती: उत्कृष्ट'. उत्कृष्टच्या खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. मग आलं 'गळतीचं कारण', आणि समोर चार चौकोन. विवाह. स्थलांतर. अनास्था. इतर. इतरपुढे कंसात बारीक अक्षरात छापलं होतं: घडला प्रकार मूल्यमापकाने स्वतःच्या सहीने सविस्तर लिहावा.

पेन बराच वेळ इतरवर थांबलं. सविस्तर म्हणजे केबिन आली, चहा आला, दोन तास चाळीस मिनिटं आली. मग चौकशी येणार, आणि या वयात कुणापुढे तरी उभं राहून उत्तरं द्यावी लागणार. पेन एक चौकोन वर सरकलं आणि हेडसरांनी अनास्थेवर नीट, ठळक खूण केली.

टेबलापलीकडून तिला फॉर्म उलटा दिसत होता. खालच्या खुणा तिला लागल्या नाहीत, पण वरच्या दोन रेघा दिसल्या.

"काय लिहिलंत, सर?"

"चांगलंच लिहिलंय."

"मग पुढे कधी उपयोग होईल ना त्याचा?"

"होईल की," हेडसर म्हणाले, आणि त्यांनी अठरावा फॉर्म काढला.