न वाजलेली घंटा

फिलोमेनाने म्हाताऱ्या पास्क्वालेचं मनगट पकडलं तेव्हा त्याची बोटं मठाच्या दारावरच्या घंटेच्या दोरीला जवळजवळ लागलीच होती.

"सोड गं. पाव घ्यायला आलोय."

"आज नाही, पास्क्वालेकाका."

"आज का नाही? पोप वारला की काय?"

"हळू बोला. आत फ्रा तिमोतेओ मरियामातेचा चेहरा काढताहेत."

पास्क्वालेने हात खाली घेतला. फिलोमेनाने आपल्या टोपलीतला पाव मोडून अर्धा त्याला दिला. तो त्याने उलटसुलट करून पाहिला, मठातल्या पावापेक्षा लहान आहे असं पुटपुटला आणि भिंतीच्या सावलीत जाऊन बसला.

फ्रा तिमोतेओ पाद्री नव्हता. त्याला मिस्साची प्रार्थना चालवता येत नसे, लॅटिनच्या तर तो वाटेलाही गेला नव्हता. तो व्रत घेतलेला साधा ब्रदर, म्हणून नुसता 'फ्रा'. मठाचं दार उघडायचं आणि चर्चच्या भिंती रंगवायच्या, ही त्याची दोन कामं. पण पहिलं दार. घंटा वाजली की दारात प्रभूच उभा आहे असं समजून हातातलं काम टाकायचं, शिडी उतरायची आणि खाली यायचं. गुडघे दुखायला लागल्यावरही त्याने कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही.

भिंतीवरचं चित्र मात्र कुणासाठी थांबत नाही. ते ओल्या गिलाव्यावरच काढावं लागतं. गिलावा सुकला की रंग धरत नाही. मग तेवढा तुकडा खरवडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. देवदूत झाले, ढग झाले, मरियामातेचा निळा झगा झाला. चेहरा तेवढा राहिला होता. गवंडी आर्मांदोने दोनदा पहाटे उठून चेहऱ्यापुरता गिलावा लावून दिला आणि दोन्ही वेळा तो वाया गेला. दुसऱ्या वेळी तर गावानेच घालवला. आज चेहरा काढणार हे कळल्यावर लोकांना राहवेना. बिचारा थकला असेल म्हणून कुणी अंजीर आणले, कुणी चीज, कुणी कोंबडीचा रस्सा. दिवसभर घंटा वाजत राहिली. प्रत्येकाला फ्रा तिमोतेओने हसून आशीर्वाद दिला. संध्याकाळी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि भिंतीवर मातेच्या झग्याच्या वर नुसता पांढरा सुका डाग होता.

फादर गौदेन्झियो त्या वसंतात मठाचे प्रमुख होऊन शहरातून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण इस्त्रीच्या कपड्यासारखा. कुठे मोड नाही. "दार ब्रदरचं आहे. त्यातून सवड मिळाली तर चित्र," एवढंच ते म्हणाले. ऑगस्टमधल्या मरियामातेच्या सणाला बिशप यायचे होते. बिनचेहऱ्याची माता बिशपांना दाखवायची नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत झालं नाही तर सगळ्या भिंतीवर चुना मारायचा, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

आज तो आदला दिवस होता.

फिलोमेनाने काही सभाबिभा बोलावली नव्हती. झऱ्यावर पाणी भरताना ती दोमेनिकाजवळ हे बोलली, आणि दोमेनिकाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. उन्हं चढेपर्यंत मठासमोर माणसं जमली, ती घंटा न वाजवण्यासाठी. बायका घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या. धनगराने शेळ्यांच्या गळ्यातल्या घुंगरांत गवत कोंबलं. शिलाई यंत्रं विकणारा एक परका माणूस दाराकडे निघाला, तर दोमेनिकाने त्याला घरी नेऊन इतकं जेवू घातलं की तो तिथेच घोरायला लागला.

दुपारी चढावरून फादर गौदेन्झियो येताना दिसले. पहाटेच बिशपांकडे गेले होते, ते धुळीने माखून परत आले. सगळे उभे राहिले.

"काय झालं? कुणी वारलं का?"

"नाही, फादर," फिलोमेना म्हणाली.

"मग ब्रदर दार का उघडत नाहीत?"

"कुणी वाजवलीच नाही घंटा."

"एवढ्या माणसांत कुणीच नाही?"

"कुणाला काही नकोच होतं."

फादरनी पास्क्वालेकडे पाहिलं. "तुलाही?"

"माझं पोट भरलंय," पास्क्वाले म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून गावाने पहिल्यांदाच ऐकलं.

फादर पुढे झाले आणि त्यांनी दोरी धरली. त्यांचं मनगट कोण पकडणार? फिलोमेनाने दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळून घेतले. वरच्या खिडकीतून बारीक आवाज येत होता. फ्रा तिमोतेओ गुणगुणत होता. बेसूर, एकच ओळ परत परत. चित्र मनासारखं उतरायला लागलं की तो असं गुणगुणायचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फादरना ठाऊक असेल की नाही, कोण जाणे.

ते मान वर करून ऐकत राहिले. मग त्यांनी दुसरा हातही दोरीला लावला आणि ती हळूहळू सोडली. वर घंटा हलू नये म्हणून.

"तसं मलाही काही नको आहे," ते म्हणाले.

सावलीत जागा उरली नव्हती. ते उन्हातल्या पायरीवरच बसले. दोमेनिकाने त्यांच्यापुढे जर्दाळूंची ओंजळ धरली. त्यांनी एक घेतला. थोड्या वेळाने आणखी एक.

सूर्य उतरायला लागला तेव्हा आतून अडसर सरकला. फ्रा तिमोतेओ दारात आला. दाढीत चुना, कपाळावर निळा ओघळ.

"दोरी तुटली की काय ते बघायला आलो," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच बहिरा झालो." मग त्याची नजर पायरीवर गेली आणि चेहरा उतरला. "फादर! तुम्ही कधीचे बाहेर आहात?"

"आत्ताच आलो."

फादरांचं टक्कल उन्हाने लालबुंद झालं होतं आणि पायाशी जर्दाळूच्या बियांची रास पडली होती. हसू दाबायला दोमेनिकाने एप्रन वर ओढला. त्याचा बोळा तोंडात धरला.

"झालं?" फादरनी विचारलं.

"झालं."

"रंग धरला?"

"धरला," फ्रा तिमोतेओ म्हणाला.

फादर उठले, कपडे झटकले आणि दाराचं जड कवाड हाताने सताड उघडून धरलं.

"यांना आत न्या, ब्रदर. दाखवा."

पास्क्वाले सगळ्यांत पुढे शिरला. मागून शेंगांच्या टोपल्या, कडेवरची पोरं, चुकून एक शेळीही. आत कुणीतरी रडायला लागलं आणि कुणीतरी हसायला, आणि मग अख्खं गाव एकदम गाऊ लागलं. इतक्या मोठ्याने त्या चर्चमध्ये कुणी सणालाही गायलं नव्हतं.

फिलोमेना सगळ्यांत शेवटी उंबऱ्यापाशी आली.

"तुम्ही नाही येत बघायला?"

"जा तू," फादर गौदेन्झियो म्हणाले. "दार सोडून कसा येऊ?"