खोडून काढणे

वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकबाईंनी आपल्या मामांचा लेख सोमवारी छापला आणि गुरुवारी काढून टाकला. संकेतस्थळावर एक ओळ तेवढी उरली : ‘हा मजकूर उपलब्ध नाही.’

मरणाच्या दारातल्या रुग्णाला सगळं खरं सांगायलाच हवं असं नाही, हे मामांचं म्हणणं. चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीतून आलेलं. त्यावर दोनशे सह्यांचं निषेधपत्र आलं आणि बाईंचं धाबं दणाणलं. लेख गेल्यावर मामांनी सख्ख्या भाचीशी अबोला धरला.

शुक्रवारी एक परिचारिका कचेरीत आली. निषेधपत्र तिनेच लिहिलेलं.

“आता काय राहिलं?” बाई म्हणाल्या. “लेख काढला की.”

“का काढलात?”

“तुमचंच वाक्य आहे, ‘हा लेख खोडून काढावा.’”

परिचारिकेने कपाळाला हात लावला. “अहो बाई, खोडून काढा म्हणजे उत्तर द्या. रबर फिरवा असं कुठं म्हटलं?”

तिने पिशवीतून नऊ पानं काढली. “माझ्या वडिलांना कुणीच खरं सांगितलं नाही. ‘बरा झालो की निवांत बोलू’ म्हणत गेले. त्याचं उत्तर आहे हे. पण लेखच नाही, तर मी काय भिंतीशी भांडू?”

बाई वाचू लागल्या. पहिल्या तीन पानांत मामांचीच बाजू होती, कुठेही टोमणा न मारता मांडलेली. समोरच्याचं म्हणणं आधी मायेने मांडावं, मगच मोडावं. निरूपणाची ही रीत तिला कुणी शिकवली, देव जाणे.

“लेख परत टाकला तर संपादक मंडळ मला सोलून काढेल.”

“सांगा, निषेध करणारीच मागतेय.”

बाईंनी तिच्यासमोरच लेख परत जागेवर ठेवला, शेजारी उत्तर लावलं, आणि वर स्वतःच्या नावाने लिहिलं : ‘लेख काढणं ही माझी चूक होती.’ मग दोन्ही दुवे मामांना पाठवले.

तासाभराने फोन वाजला.

“कोण गं ही?” मामांनी एकदम विचारलं.

“तुमच्या विरोधातली आहे, मामा.”

“ते कळलं. माझं म्हणणं माझ्याहून नीट मांडलंय, आणि मग मला उभा-आडवा घेतलाय.” मग हळूच म्हणाले, “तिच्या वडिलांना सांगायला हवं होतं.”

“मग लेख मागे घेताय?”

“छे. सगळंच काही पटलेलं नाही मला. पुढच्या अंकात माझ्या उत्तराला चार पानं ठेव. आणि तिला सांग, छापण्याआधी एकदा वाचून दे.”