दोन गावांच्या तीन बंदुका

मित्रांनो, नळीत दारू ठासायची आणि मग बार काढायचा, तसली मी एक जुनी बंदूक आहे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हा खामगावहून मला पिंपळगाव राजाजवळच्या एका गावात आणलं. रानडुकरांपासून पिकं राखायची, एवढंच माझं काम.

खरं सांगायचं तर माझ्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं. आमचं गाव आणि शेजारचं गाव मिळून दर हंगामात हाकारा घालत. दोन्हीकडची माणसं डफडी बडवत डुकरांना थेट डोंगरात लावून येत. मग शेजारच्या गावाने बंदूक घेतली आणि आमचे हिंमतराव पाटील बेचैन झाले. विहीर बांधायला जमवलेल्या वर्गणीतून त्यांनी मला घेतलं. मोठ्या गावाला भीती नसते, लहान गावाला ऐपत नसते. आमचं गाव मधलं होतं.

शेजाऱ्यांनी बार काढला की डुकरं आमच्याकडे येत. मी काढला की तिकडे जात. दोन्ही गावांत वाकडं आलं आणि हाकारा बंद पडला. माझं कौतुक मात्र फार झालं. दसऱ्याला चावडीत माझी पूजा होई, झेंडूची माळ पडे. मला बरं वाटायचं, लपवत नाही.

आमच्या गावातल्या मंजुळाबाईंचं वावर दोन गावांच्या शिवेवर होतं. वर्षाची ज्वारी तेवढीच. शिवेकडे बार काढला तर पलीकडच्या माणसाला लागेल, म्हणून तिथे दोन्ही बंदुका गप्प. हे डुकरांना सगळ्यांत आधी समजलं. कणसं भरली तेव्हा अख्खा कळप तिथेच मुक्कामाला आला.

मंजुळाबाई चावडीत आल्या. "पाटील, मले बंदूक नको. दोन्ही गावचे माणसं घेऊन एक हाकारा घाला. चार दिवसांत माही ज्वारी जाते."

"त्यायले आपण काऊन बलवाचं? आधी त्यायनं बलवावं," पाटील म्हणाले. "अन् अजून एक बंदूक घेऊन राह्यलो ना."

"तिची भाकर होते काय, पाटील?"

दुसरी बंदूक आली तेव्हा त्या वावरात नुसती तुडवलेली धांडं उरली होती. मंजुळाबाई त्या साली लोकांच्या वावरात मजुरीने पीक सोंगायला गेल्या.

आता मी गंजले आहे. मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, शेजाऱ्याने बंदूक आणल्याचं कळलं, तर दुकानात जाण्याआधी त्याच्या दारात जा. आमच्या गावाला ते अंतर पाव कोस होतं. तेवढं चालायला कोणी उठलं नाही, आणि एका बाईचे वर्षाचे दाणे गेले.