पातेल्याची ट्रायल

"माप माझ्यावर सोड," असं आमचे हे म्हणाले तेव्हा त्यांच्या गळ्यात टेप होता, कानामागे खडू होता आणि चेहरा असा, की ओट्यानंसुद्धा पोट आत घेऊन ताठ उभं राहावं. "एकतीस वर्षं झाली. माझ्या हातून एक बाही आखूड गेलेली नाही."

हे शिंपी आहेत. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, आणि बाह्यांचं जे सांगतात ते खरंच आहे. पण गुरुवारी सकाळी अकरा वाजता आमचं कोरं करकरीत सिंक ओट्यात कापलेल्या भोकातून सरळ खाली गेलं आणि कपाटातल्या पिठाच्या डब्यावर जाऊन बसलं. सिंक खाली, पीठ वर. मिस्त्री पिठानं पांढरा झाला. हे त्याच्या आधीच पांढरे पडले होते.

मुळात झालं असं, की मी घरी स्वयंपाक करून वीस जणांना दुपारचं जेवण पोचवते. त्यासाठी एक पातेलं आहे. मांडीवर घेतलं तर समोर कोण बसलंय ते दिसत नाही, एवढं. आमचं जुनं सिंक म्हणजे बोटं बुडवायची वाटी. पातेलं त्यात मावत नाही म्हणून बारा वर्षं मी ते बाथरूममध्ये नेऊन, खाली बसून घासत आलेय. बसायला काही नाही हो. उठताना आधी भिंत धरायची, मग बादली, मग देवाला हाक मारायची. शेवटी मी जाहीर केलं की सिंक बदलायचं. रंग, चकाकी, कंपनी, मला काही नको. माझं पातेलं त्यात आडवं झालं पाहिजे आणि मी उभी राहिले पाहिजे. बस.

म्हणून दुकानात जाताना पातेलं बरोबर घेतलं. कडेवर. हे दहा पावलं पुढे चालत होते, आमची ओळख आहे असं कुणाला वाटू नये म्हणून.

दुकानात भिंतभर सिंकं लटकवली होती. ह्यांनी एकेकाची कड चिमटीत धरून चोळून बघायला सुरुवात केली, कापडाचा पोत बघतात तशी. एकाबद्दल विचारलं, धुतल्यावर आटणार तर नाही ना. दुकानदार म्हणाला, मास्तर, स्टील आहे. हे म्हणाले, सगळे असंच म्हणतात.

तोवर मी पातेलं घेऊन रांगेतल्या प्रत्येक सिंकमध्ये घालून बघत होते. कुठे बूड अडायचं, कुठे कान. अगदी कोपऱ्यात एक होतं, एकाच खणाचं, रुंद आणि खोल. पातेलं आत गेलं, आडवं झालं, गोल फिरलं. मी म्हटलं, हे घ्यायचं.

ह्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. ट्रायल म्हटलं की ह्यांना राग येतो. गिऱ्हाईकानं ट्रायल मागितली की ह्यांना वाटतं चोरीचा आळ घेतला. शिवाय जीव जडला होता दोन खणांच्या सिंकवर. शर्टाला दोन खिसे मिळत असताना एक कोण घेतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माझं पातेलं एकाही खिशात जात नाही. मग पातेलं बदल, म्हणाले. त्याच झपाट्यात नळही घेऊन टाकला, बुटका, गळ्याशी बसलेल्या कॉलरसारखा. घरी सासूबाईंनी दोन खणांत आळीपाळीनं डोकावून बघितलं आणि विचारलं, "एकात आपण आणि एकात पाहुणे, असं आहे का गं?"

मी त्या दिवशी बोलणं टाकलं. म्हणजे घर चालवायला लागतं तेवढंच बोलले.

आता भोकाचं. दगडात भोक किती पाडायचं त्याचा कागदी साचा कंपनीनं खोक्यातच दिला होता. हे त्याच्याकडे बघून हसले. दुसऱ्यानं बेतलेलं हे कधी कापत नाहीत. त्यांनी जमिनीवर खाकी कागद पसरला, सिंक त्यावर पालथं घातलं, खडूनं रेघ मारली आणि मग आयुष्यभराच्या सवयीनं चारी बाजूंना दीड-दीड इंच मार्जिन सोडलं. थोडं शिलाईत जातं, आणि पुढेमागे माणूस सुटला तर उसवून सैल करता येतं.

मिस्त्रीनं तो कागद ओट्यावर ठेवून सरळ बघितला, उलटा बघितला. जरा मोठं वाटतंय मास्तर, असं चाचरत म्हणाला.

"मोठं असलं की आत घेता येतं," हे म्हणाले. "लहान झालं की संपलं."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. माझं बोलणं बंद होतं. त्यानं मशीन चालू केलं.

तर, पीठ खाली बसल्यावर सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी भोक बघितलं, भोकातून खाली सिंक बघितलं, मग पोटच्या पोराकडे बघितलं.

"घे आता आत," त्या म्हणाल्या.

ह्यांचा हात दोनदा कानामागच्या खडूकडे गेला आणि रिकामा परत आला. दगडाला दोरा लागत नाही.

मी ह्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, असं धाडस मी कधी केलं नव्हतं. भोकाचं माप घेतलं, तळहातावर पेनानं लिहिलं, पातेलं कडेवर घेतलं आणि म्हटलं, "ते सिंक आणि तो नळ उचला. चला." ह्या वेळी दहा पावलं पुढे मी होते.

दुकानाच्या दारात हे थबकले. वर पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. अगदी तशीच ह्यांच्याही दुकानात आहे, ह्यांनीच रंगवून घेतलेली. दुकानदारानं सिंकला पडलेला पोचा बघितला, खणांतलं पीठ बघितलं आणि पाटीकडे बोट केलं. हे खालच्या आवाजात म्हणाले, एकदाच तर घालून बघितलंय.

मी वाद घातलाच नाही. सरळ कोपऱ्यात गेले आणि त्या मोठ्या सिंकला टेप लावला. आमच्या भोकापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठं. म्हणजे अंग आत जाणार आणि कड बरोबर दगडावर बसणार. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून पातेलं परत एकदा आत घालून फिरवलं.

तेवढ्यात दोघी जणी थांबल्या. एकीनं विचारलं, ताई, हे काय चाललंय. मी सगळं सांगितलं, उठताना भिंत कुठे धरते तेसुद्धा दाखवलं. ती म्हणाली, मी नळ धरते. दुसरी काही न बोलता घरी गेली आणि स्वतःची कढई घेऊन आली. तिच्यामागे तिची जाऊ आली, डोक्यावर परात. अर्ध्या तासात दुकानात भांडी घेऊन रांग लागली आणि प्रत्येकीला तेच सिंक हवं. दोन वर्षं ज्याला कुणी हात लावला नव्हता, त्याचे तीन भाऊ दुकानदारानं गोदामातून धूळ झटकून बाहेर काढले. तिघेही तिथल्या तिथे खपले.

मग मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "दादा, हे पोचा पडलेलं परत घ्या, कोपऱ्यातलं मला द्या. आणि नळ मी निवडणार."

त्यानं रांगेकडे बघितलं. मग पाटीकडे बघितलं. मग विचारलं, टेम्पोत चढवून देऊ का ताई.

नळ निवडायला मला पाच मिनिटं लागली. पातेलं उभं धरायचं, नळ त्यावर धरायचा. बुटके सगळे बाद. शेवटी एक मिळाला, बगळ्यासारखी उंच मान, मोठ्ठा बाक. पातेलं त्याखाली ऐटीत उभं राहिलं. दुकानदार म्हणाला, हे पातेलं दोन दिवस दुकानात ठेवाल का. मी म्हटलं, वीस जण उपाशी राहतील.

मिस्त्रीनं सिंक भोकात सोडलं तेव्हा आम्ही चौघांनी श्वास रोखला होता. सिंक बसलं. असं बसलं, की कडेखाली पोस्टकार्ड गेलं नसतं. हे लगेच म्हणाले की मार्जिन उगीच नव्हतं सोडलं, त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून हेच होतं. सासूबाई म्हणाल्या, हो रे बाबा, डोक्यातच होतं, मी तेव्हा पीठ झाडत होते म्हणून दिसलं नाही.

मी पातेलं सिंकमध्ये आडवं घातलं, नळ सोडला आणि उभ्यानं घासलं. ताठ उभ्यानं. भिंत नाही, बादली नाही, देवालाही त्रास नाही. विसळलं, पुसलं, आणि काही गरज नसताना परत एकदा घासलं. हे बाजूला फडकं घेऊन उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी वारा सुटला म्हणून ओट्यामागची खिडकी लावायला गेले. तिचं दार आतल्या बाजूला उघडतं. मिस्त्री काम करत होता तेव्हा ते उघडं होतं. आता नळाची मान मधे येते. खिडकी लागत नाही.