मुक्कामाचा भत्ता

ऊर्मिलाला प्रबंधाचं तिसरं प्रकरण सोमवारी द्यायचं होतं. ते पसंत पडलं तरच जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचं स्टिपेंडियम, म्हणजे शिष्यवृत्ती, आणखी वर्षभर चालणार होतं. प्रकरण एका नेमणुकीवर होतं. १९०९ साली मुंबई सरकारचे हिशेब तपासणाऱ्या खात्याला वरिष्ठ अधिकारी हवा होता. उमेदवार दोन, हॅलमसाहेब आणि गोविंदराव पाठारे. पद साहेबाला मिळालं.

ऊर्मिलाचं म्हणणं, अन्याय झाला. तिच्या प्रोफेसरबाईंचं म्हणणं, "आल्झो, बरं मग, पुरावा?" कागद तर उलटंच सांगत होते. निवड समितीने लिहिलं होतं की हॅलम निःस्पृह, बारा वर्षांच्या दौऱ्यांत मुक्कामाच्या भत्त्याची पैही मागितली नाही. पाठारे कामात चोख, पण खाणावळीच्या चार आण्यांचंही बिल लावतो. वृत्ती कोती.

शनिवारी दुपारी तिने त्या कागदांच्या छापील प्रती बाबांपुढे ठेवल्या. विलासराव सरकारी ऑडिटमधून निवृत्त होऊन तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आले होते, आणि सुपरमार्केटच्या पावत्यांखेरीज तपासायला काही नसल्याने जरा सुकले होते. कागद दिसताच त्यांनी चष्मा पुसला.

"हा तुझा साहेब जेवायचा कुठे?"

"म्हणजे?"

"बारा वर्षं दौरे. डाकबंगल्याचं भाडं नाही, खानसाम्याचं बिल नाही. उपाशी झोपायचा का? अगं, ज्याचं दप्तर तपासायचं त्याच्याच बंगल्यावर उतरायचा. रात्री कलेक्टरची कोंबडी खाल्ली की सकाळी आक्षेप लिहायला हात उठतो होय? पाठारेनं बिलं लावली, कारण तो कुणाकडे पाणीसुद्धा प्यायला नाही."

हॅलमची दौऱ्याची रोजनिशी ऊर्मिलाकडे होतीच. तासाभरात तिने मुक्काम पडताळले. सत्तावीसपैकी तेवीस त्या त्या कार्यालयाच्या प्रमुखाकडेच. त्या तेवीस ठिकाणी मिळून आक्षेप किती, तर दोन.

"गेनाऊ! अगदी बरोबर! बाबा, प्रकरण तरलं माझं. तळटीपेत तुमचं नाव घालते. अनुभवी लेखापरीक्षक म्हणून."

आई शेजारी मेथी निवडत बसली होती. नवऱ्याचं कौतुक चाललंय म्हटल्यावर तिनेही भर घातली. "यांनी तरी कुठे भत्ता घेतला कधी? यांच्या साहेबांनी भर सभेत सांगितलं होतं, म्हणून तर शेवटचं प्रमोशन यांना दिलं. आणि वैशाखात दौऱ्यावरून आले की आंब्याची पेटी ठरलेली. हो ना, अहो?"

अहोंनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या, पुन्हा एकदा जुळवल्या.

तळटीपेत बाबांचं नाव टाइप करून ऊर्मिलाची बोटं कीबोर्डवर थांबली होती. पेटीतले आंबे तिनेही खाल्ले होते.

"मुद्दा पक्का आहे तुझा," विलासराव म्हणाले. "सोमवारी बिनधास्त दे. फक्त तळटीपेत माझं नाव नको."

तिने नाव पुसलं आणि त्या जागी रोजनिशीचे पान क्रमांक टाकले.